एक्झी दुसऱ्या मशीनवर नेली की डेटा फाइल सापडत नाही: कुठून तपासायला सुरुवात करायची

तक्रार ठरलेली असते. प्रोग्राम एडिटरमधून चालवला की सगळं ठीक. पॅक करून एक्झी बनवली, आपल्याच मशीनवर डबल-क्लिक केलं, तरी ठीक. तीच एक्झी दुसऱ्या कुणाला पाठवली की ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. मग कोडमधला एखादा पाथ बदलायचा, पुन्हा बिल्ड, पुन्हा पाठवायचं, पुन्हा तोच एरर. कधीतरी सुटल्यासारखं वाटतं आणि पुढच्या रिलीजला परत उगवतं.

परत उगवतं, कारण या एकाच एररच्या पोटात तीन वेगळ्या भानगडी असतात. फाइल बंडलमध्ये, म्हणजे पॅक केलेल्या प्रोग्राममध्ये, गेलीच नाही, ही एक. गेली आहे, पण प्रोग्राम भलतीकडेच शोधतोय, ही दुसरी. तिसरी म्हणजे फाइल सापडते, पण प्रोग्राम तिच्याशी जे करू बघतो ते बंडलमधल्या फाइलशी करता येत नाही. यातली नेमकी कोणती हे न ठरवता पाथ चाचपडत बसलं की एक सुटतं आणि दुसरं अडतं. म्हणून क्रम सोडायचा नाही: आधी फाइल आत आहे का ते बघा, मग प्रोग्राम कुठं शोधतोय ते, आणि मग तिचं काय करतोय ते.

खालची बरीचशी उदाहरणं पायथन आणि पायइन्स्टॉलरची (पायथन प्रोग्रामची एक्झी बनवणारं साधन) आहेत, माझ्यापर्यंत येणारे बहुतेक प्रश्न तिथलेच असतात म्हणून. गो, जावा, डॉटनेट आणि सी वापरणाऱ्यांसाठी पुढे वेगळं लिहिलंय, पण सुरुवातीचा भाग त्यांनीही वाचावा.

आधी एरर स्वतःच्या मशीनवर आणा

ज्या मशीनवर प्रोजेक्टचं फोल्डर जागच्या जागी आहे तिथं एक्झी चालली, याला पुरावा म्हणून काडीचीही किंमत नाही. ती एक्झी गुपचूप प्रोजेक्टमधलीच फाइल वाचत असू शकते. त्यामुळे एक्झी एका रिकाम्या फोल्डरमध्ये कॉपी करा, प्रोजेक्टच्या फोल्डरचं नाव तात्पुरतं बदला, आणि टर्मिनलमधून तिसऱ्याच कुठल्या तरी फोल्डरमध्ये जाऊन एक्झीचा पूर्ण पाथ देऊन ती चालवा. कोडमध्ये कुठं तुमच्या डी ड्राइव्हचा पूर्ण पाथ राहून गेला असेल, तर तो नाव बदलल्याबरोबर पकडला जातो. रिलेटिव्ह पाथची चूक तिसऱ्या फोल्डरमुळे उघडी पडते. दुसऱ्याचं मशीन मागायची गरजच उरत नाही.

तिसरं फोल्डर कशाला, तर रिलेटिव्ह पाथ हा प्रोग्राम जिथं ठेवलाय तिथून मोजला जात नाही. तो मोजला जातो चालू फोल्डरपासून, म्हणजे प्रोग्राम ज्यानं सुरू केला त्यानं जे ठरवलं असेल तिथून. एक्सप्लोररमध्ये एक्झीवर डबल-क्लिक केलं तर ते एक्झीचंच फोल्डर असतं, म्हणून सगळं सुरळीत वाटतं. शॉर्टकटवरून उघडलं तर त्यातल्या ‘स्टार्ट इन’ रकान्यात जे लिहिलंय ते. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून चाललं आणि तिथं तो रकाना रिकामा असेल तर सी:\विंडोज\सिस्टिम32. मॅकवर फाइंडरमधून ॲप उघडलं तर थेट रूट फोल्डर. ‘सकाळी हातानं चालवला तेव्हा चालला, रात्री शेड्यूलमधून पडला’ या तक्रारीचं मूळ जवळपास नेहमी इथं असतं.

आता प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला, काहीही उघडायच्या आधी, चार गोष्टी छापा: चालू फोल्डर, सिस.एक्झिक्युटेबल (चालू असलेल्या एक्झीचा पाथ), मुख्य मॉड्यूलचं __फाइल__ (कोडच्या फाइलचा पाथ), आणि असेल तर सिस._मीपास (बंडल जिथं सोडलं जातं ते फोल्डर). एक-फाइल बिल्डमध्ये (सगळं एकाच एक्झीत; एक-फोल्डर बिल्डमध्ये एक्झीबरोबर फायलींचं फोल्डर असतं) असं काहीसं दिसेल:

चालू फोल्डर: सी:\विंडोज\सिस्टिम32
एक्झिक्युटेबल: डी:\चाचणी\अहवाल.एक्झी
__फाइल__: सी:\युजर्स\…\टेम्प\_एमईआय91842\मेन.पाय
_मीपास: सी:\युजर्स\…\टेम्प\_एमईआय91842

पहिली ओळ एकीकडे, दुसरी दुसरीकडे, शेवटच्या दोन तिसरीकडेच. एडिटरमधून चालवताना चालू फोल्डर आणि __फाइल__ बहुधा एकाच प्रोजेक्ट फोल्डरमध्ये पडतात, म्हणून त्यांच्यातला फरक तोवर कुणाला जाणवलेला नसतो.

विंडोजवर ‘विंडोड’ पर्यायानं, म्हणजे काळी खिडकी न दाखवता बिल्ड केली असेल तर प्रिंट केलेलं कुठंच दिसणार नाही. तिथं स्टँडर्ड आउटपुटच नसतं. तपासणी चालू असेपर्यंत कन्सोल बिल्डच ठेवा. खिडकी लपवणं हे शेवटचं काम.

फाइल आत गेली आहे का?

पायइन्स्टॉलर तुमच्या कोडमधली इम्पोर्ट वाक्यं वाचतो आणि त्यांच्या मागावर जाऊन लागतील ती मॉड्यूल गोळा करतो. ओपन कंसात तुम्ही लिहिलेलं फाइलचं नाव त्याच्या लेखी निव्वळ एक स्ट्रिंग असते. ते नाव रनटाइमला तयार होऊ शकतं, वापरकर्त्याकडून येऊ शकतं. त्यावरून तो काहीही अंदाज बांधत नाही. म्हणजे डेटा फाइल आपोआप आत जाणारच नाही, ती सांगावी लागते. बिल्ड फोल्डरमध्ये ‘वॉर्न’नं सुरू होणारी जी टेक्स्ट फाइल तयार होते तीत न सापडलेल्या मॉड्यूलची यादी असते. डेटा फायलींबद्दल तीत चकार शब्द नसतो. ती स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त होऊ नका.

सांगायची पद्धत म्हणजे ‘--ॲड-डेटा’ हा पर्याय, किंवा स्पेक फाइलमधली (बिल्डच्या सूचनांची फाइल) ‘डेटाज’ ही यादी. दोन्हीकडे दोन भाग द्यायचे: फाइल आत्ता कुठं आहे, आणि बंडलमध्ये कोणत्या फोल्डरात जायला हवी. दुसरा भाग फोल्डर असतो, फाइलचं नाव नसतं, आणि इथंच बहुतेकांचा पाय घसरतो. कॉन्फिग.जेसन ही फाइल बंडलच्या मुळाशी हवी म्हणून दोन्ही भागांत ‘कॉन्फिग.जेसन’ लिहिलं, तर बंडलमध्ये कॉन्फिग.जेसन नावाचं फोल्डर तयार होतं आणि खरी फाइल त्याच्या पोटात जाऊन बसते. बिल्ड निमूट पूर्ण होते. मग प्रोग्राम त्या नावाची फाइल उघडायला जातो आणि विंडोजवर एरर येतो ‘परमिशन डिनाइड’, कारण तिथं फोल्डर फाइलसारखं उघडायला गेलं की पायथन तेच सांगतो. लिनक्सवर निदान ‘इज अ डिरेक्टरी’ असं सरळ कळतं. विंडोजवाला बिचारा ॲडमिन म्हणून चालवून बघतो, अँटिव्हायरस बंद करतो, फोल्डरचे हक्क तपासत बसतो. मुळाशी ठेवायची असेल तर दुसऱ्या भागात फक्त एक टिंब द्यायचं.

दोन भागांमधलं चिन्ह हीसुद्धा एक जुनी डोकेदुखी. पूर्वी विंडोजवर अर्धविराम आणि इतरत्र कोलन लागायचा, त्यामुळे एका सिस्टिमवरची कमांड दुसऱ्या सिस्टिमवर फसायची. पायइन्स्टॉलर 6.0 पासून कोलन सगळीकडे चालतो. जुनी आवृत्ती वापरत असाल तर हे आधी बघा.

आणखी एक हमखास गफलत. पहिल्यांदा पायइन्स्टॉलरला स्क्रिप्टचं नाव देऊन चालवलं की तो स्पेक फाइल लिहितो. तुम्ही त्या स्पेकमध्ये हातानं डेटाची ओळ घालता, आणि पुढच्या वेळी सवयीनं परत स्क्रिप्टचंच नाव देऊन बिल्ड करता. स्पेक नव्यानं लिहिली जाते आणि तुमची ओळ जाते. ‘मागच्या आठवड्यात चालत होतं’ यामागे कित्येकदा एवढंच असतं. एकदा स्पेकला हात लावला की त्यानंतर बिल्ड कायम स्पेकचं नाव देऊनच करा, आणि ती फाइल गिटमध्ये ठेवा. तयार होणारी फाइल समजून लोक ती इग्नोर यादीत टाकतात, ते टाळा. स्पेकमधले रिलेटिव्ह पाथ स्पेक फाइल जिथं आहे तिथून मोजले जातात, हेही ध्यानात असू द्या.

आता खात्री. पायइन्स्टॉलरसोबतच ‘पायआय-आर्काइव्ह_व्ह्यूअर’ नावाचं साधन येतं. त्याला एक्झीचं नाव दिलं की आतल्या सगळ्या फायलींची यादी समोर येते. तीत आपली फाइल शोधा, आणि तिच्या नावाआधी कोणतं फोल्डर लागलंय ते नीट वाचा. कॉन्फिग.जेसन\कॉन्फिग.जेसन असं दिसलं तर वरचाच प्रकार झालाय. एक-फोल्डर बिल्ड असेल तर साधन लागतच नाही, फोल्डर उघडून बघा. फक्त 6.0 पासून एक्झी सोडून बाकी सगळं ‘_इंटर्नल’ या उपफोल्डरात जातं. आवृत्ती वाढवल्यावर एक्झीच्या शेजारी फाइल शोधणारे जुने प्रोग्राम याच बदलानं पडले.

फाइल तुमची नसून एखाद्या पॅकेजची असेल (फॉन्ट, टेम्पलेट, भाषांच्या फायली), तर तिच्यामागे हातानं पाथ लावत बसू नका. ‘--कलेक्ट-डेटा’ पर्यायाला पॅकेजचं नाव द्या, तो त्या पॅकेजच्या सगळ्या डेटा फायली उचलतो. आणि एररमध्ये ‘पॅकेज नॉट फाउंड’ असेल, म्हणजे पॅकेज स्वतःचीच आवृत्ती विचारत असेल, तर तिथं मेटाडेटा (पॅकेजचं नाव, आवृत्ती वगैरे माहिती) हवा असतो. त्यासाठी ‘--कॉपी-मेटाडेटा’ आहे.

प्रोग्राम कुठं शोधतोय?

एक-फाइल एक्झी सुरू झाली की आधी तिच्यातला छोटा बूटलोडर जागा होतो. तो टेम्प फोल्डरमध्ये ‘_एमईआय’ आणि पुढे आकडे अशा नावाचं नवं फोल्डर करतो, बंडलमधलं सगळं तिथं सोडतो, आणि मग तुमचा कोड चालवतो. त्या फोल्डरचा पाथ सिस._मीपासमध्ये असतो. प्रोग्राम नीट बंद झाला की ते फोल्डर पुसलं जातं. पुढच्या वेळी नवा आकडा, नवं फोल्डर.

म्हणून पाथ मोजायची जागा कोडमध्ये एकदाच ठरवायची. एक छोटं फंक्शन करा: सिसमध्ये _मीपास असेल तर तो पाया धरायचा, नसेल तर या मॉड्यूलच्या __फाइल__चं फोल्डर धरायचं, आणि त्याला फाइलचं नाव जोडून द्यायचं. सगळ्या कोडनं फाइल मागताना त्याच फंक्शनकडे जायचं. आजच्या पायइन्स्टॉलरमध्ये पॅक केलेल्या मॉड्यूलचं __फाइल__ बंडलच्या आतलाच पाथ देतं, त्यामुळे बऱ्याचदा फक्त त्यावरही भागतं. डेटा पॅकेजच्या आतच ठेवला असेल तर इम्पोर्टलिब.रिसोर्सेस (पॅकेजमधला डेटा वाचायचं पायथनचंच मॉड्यूल) वापरलेलं उत्तम. मग पॅकिंगचं साधन बदललं तरी कोडला हात लावावा लागत नाही.

सुरुवातीलाच चालू फोल्डर बदलून _मीपासला न्यायचं, हा उपाय जागोजागी सुचवलेला आढळतो. तो चालतो, पण मला तो पटत नाही. वापरकर्त्यानं टर्मिनलवर एखादी फाइल रिलेटिव्ह पाथनं दिली की तीही टेम्प फोल्डरात शोधली जाते आणि नवीनच तक्रार सुरू होते.

उलटी चूकही होते. सेटिंगची फाइल वापरकर्त्याला नोटपॅडमध्ये उघडून बदलता यावी असा हेतू असतो, पण ती बंडलमध्ये घातलेली असते. वापरकर्ता एक्झीच्या शेजारी त्याच नावाची फाइल ठेवतो, बदलतो, आणि प्रोग्राम आतलीच वाचत राहतो. वापरकर्त्यानं बदलायची फाइल बंडलमध्ये असूच नये. ती सिस.एक्झिक्युटेबलच्या फोल्डरात शोधा. इथं एडिटरमधून चालवताना सिस.एक्झिक्युटेबल हे पायथनच्या इंटरप्रिटरचा पाथ देतं, म्हणून सिस.फ्रोझन (प्रोग्राम पॅक केलेला आहे का ते सांगणारी खूण) तपासूनच वापरा.

फाइल सापडते, पण लिहिलेलं टिकत नाही

हा प्रकार सगळ्यात फसवा, कारण एरर येतच नाही. एस्क्यूलाइटचा (एकाच फाइलमध्ये राहणारा) डेटाबेस बंडलमध्ये घातला, प्रोग्राम तो _मीपासमधून उघडतो, नोंदी लिहितो, त्याच सत्रात त्या परत दिसतातही. प्रोग्राम बंद झाला की टेम्प फोल्डर पुसलं जातं आणि नोंदी त्याच्याबरोबर जातात. दुसऱ्या दिवशी डेटाबेस पुन्हा कोरा. लोक कमिट (नोंदी पक्क्या करणं) विसरलं का ते शोधत बसतात. कमिट झालेलं असतं, फक्त फाइलच उरलेली नसते.

बंडलमधला डेटा वाचायचाच असतो, त्यात लिहायचं नसतं. लिहायची जागा वेगळी: विंडोजवर लोकल ॲपडेटा, मॅकवर लायब्ररीतलं ॲप्लिकेशन सपोर्ट, लिनक्सवर होम फोल्डरमधलं .लोकल/शेअर किंवा एक्सडीजी_डेटा_होम हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल जिथं बोट दाखवेल ते. पहिल्यांदा चालताना तिथं डेटाबेस आहे का बघा, नसेल तर बंडलमधली कोरी प्रत तिथं कॉपी करा, आणि त्यापुढे फक्त तिथलीच उघडा.

एवढं केलं की पुढच्या रिलीजला नवी तक्रार येते: ‘नवी आवृत्ती टाकली पण डेटा जुनाच दिसतो’. साहजिकच आहे. कॉपी आधीच झालेली असते, म्हणून बंडलमधली नवी प्रत वापरलीच जात नाही. एस्क्यूलाइटमध्ये ‘युजर_व्हर्जन’ नावाचा प्रॅग्मा (डेटाबेस फाइलमधली एक सेटिंग) खास यासाठीच मोकळा ठेवलेला आहे. त्यात आपला आकडा ठेवा, सुरुवातीला ताडून बघा, आणि जुना असेल तर टेबलं पुढं न्या. जुनी फाइल सरसकट दाबून नवी टाकाल तर वापरकर्त्याच्या नोंदी जातील, आणि ती तक्रार या सगळ्या तक्रारींहून कडू असते.

डेटाबेस फक्त वाचायचाच असेल आणि डिस्कवर आणायचाच नसेल, तर एस्क्यूलाइटचं डीसिरियलाइझ वापरून तो मेमरीतूनच उघडता येतो. पायथनच्या एस्क्यूलाइट3 मॉड्यूलमध्ये ही सोय 3.11 पासून आहे.

तात्पुरत्या फोल्डरमुळे होणाऱ्या आणखी काही गमती इथंच सांगतो. मदतीची पीडीएफ बंडलमधून उघडली, ती पीडीएफ वाचकात उघडीच आहे, आणि तुमचा प्रोग्राम बंद झाला: विंडोजवर वापरात असलेली फाइल पुसता येत नाही, त्यामुळे तात्पुरतं फोल्डर काढता आलं नाही असा इशारा झळकू शकतो आणि ते फोल्डर तसंच पडून राहतं. बाहेरच्या प्रोग्रामला द्यायची फाइल आधी दुसरीकडे कॉपी करून द्या. टास्क मॅनेजरमधून प्रोग्राम मारला तरी _एमईआय फोल्डर मागे उरतं. मोठा डेटा असेल आणि वापरकर्त्याला रोज प्रोग्राम मारायची सवय असेल तर टेम्पमध्ये अशांचा ढीग साचतो.

लिनक्सच्या सर्व्हरवर दोन गोष्टी बघा. /टीएमपी ‘नोएक्झेक’ (तिथून काही चालवू न देणाऱ्या) पर्यायानं माउंट केलेलं असेल तर तिथं सोडलेल्या लायब्ररी लोड होत नाहीत, आणि ‘फेल्ड टू मॅप सेगमेंट फ्रॉम शेअर्ड ऑब्जेक्ट’ असा एरर येतो. त्यात डेटा फाइलचा काहीच दोष नसतो. ‘--रनटाइम-टीएमपीडीर’ देऊन सोडायची जागा बदला. दुसरी गोष्ट महिनोन्महिने चालणाऱ्या सेवांची. सिस्टिमडीची (लिनक्सवर सेवा चालवणारी व्यवस्था) मूळ मांडणी /टीएमपीमधल्या 10 दिवस हात न लागलेल्या फायली झाडून टाकते. प्रोग्राम सुरूच असतो, पण क्वचित लागणारं टेम्पलेट त्याच्या पायाखालून गेलेलं असतं. दोन आठवडे ठणठणीत चालून मग अचानक ‘फाइल नाही’ आलं तर पहिला संशय याचाच घ्या. माझं स्पष्ट मत: सेवेसाठी एक-फाइल बिल्ड करूच नये. एक-फोल्डर बिल्ड करा. सुरूही लवकर होते आणि तपासायलाही सोपी.

फाइल तीच आहे, पण आतला मजकूर भलताच

पाथ बरोबर, फाइल उघडते, पण वाचताना प्रोग्राम पडतो. मराठी मजकुराच्या बाबतीत हे इतक्या वेळा होतं की थोडं थांबून बघू. पायथनमध्ये ओपनला एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) दिलं नाही तर तो सिस्टिमचं घेतो, आणि विंडोजवर ते बऱ्याचदा 1252 हे कोडपेज (पश्चिमी भाषांचा जुना अक्षरतक्ता) असतं. तुमच्या लिनक्स किंवा मॅकवर ते यूटीएफ-8 असतं, म्हणून तिथं काही जाणवत नाही.

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8मध्ये 3 बाइट घेतं. हलन्ताचे बाइट आहेत ई0 ए5 8डी, आणि ऱ्हस्व उकाराच्या मात्रेचे ई0 ए5 81. आता 1252 कोडपेजमध्ये 81, 8डी, 8एफ, 90 आणि 9डी या पाच जागा रिकाम्या आहेत, त्यांना कोणतंच अक्षर दिलेलं नाही. म्हणजे फाइलमध्ये पहिलं जोडाक्षर किंवा पहिला ऱ्हस्व उकार आला रे आला की ‘चारमॅप कोडेक कान्ट डीकोड बाइट 0एक्स8डी’ किंवा ‘0एक्स81’. या पाचपैकी एकही बाइट नसलेला एखादा शब्द मात्र विनातक्रार वाचला जातो आणि पडद्यावर चिन्हांचा कचरा दिसतो. एररमध्ये 8डी दिसलं की पाथ तपासायचं सोडा. ओपनमध्ये एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-8 लिहा आणि मोकळे व्हा. पायथन 3.15 पासून यूटीएफ-8 हेच गृहीत धरलं जाणार आहे, पण जुने इंटरप्रिटर अजून बराच काळ वापरात राहतील.

दुसरा प्रकार गिट एलएफएसचा (मोठ्या फायली वेगळ्या ठेवायची गिटची सोय). मोठ्या फायली एलएफएसमध्ये असतील आणि बिल्ड करणाऱ्या सर्व्हरनं त्या खेचल्याच नसतील, तर त्या नावाची फाइल जागेवर असते, पण तिच्यात खरा डेटा नसून साधारण 130 बाइटचा तीन ओळींचा पॉइंटर असतो. तोच बंडलमध्ये जातो. यादीत नाव बरोबर दिसतं, म्हणून संशय येत नाही. प्रोग्राम म्हणतो ‘हे चित्र नाही’ किंवा ‘हा डेटाबेस नाही’. बंडलची यादी बघताना नावाशेजारचा आकारही वाचा, तो त्यासाठीच.

गो, जावा, डॉटनेट, सी

गोमध्ये 1.16 पासून, म्हणजे 2021 पासून, एम्बेड पॅकेज (फायली थेट प्रोग्रामच्या पोटात घालणारं) आहे आणि ते मला या सगळ्यांत नीटस वाटतं. फाइल नसेल तर बिल्डच होत नाही, रनटाइमपर्यंत वाट बघावी लागत नाही. तरी ठरलेले खड्डे आहेत. दोन तिरप्या रेघांनंतर लगेच ‘गो:एम्बेड’ यायला हवं. मध्ये एक जागा सोडली तर ती निव्वळ कॉमेंट होते आणि व्हेरिएबल रिकामं राहतं. पॅटर्नमध्ये दोन टिंबांनी वरच्या फोल्डरात जाता येत नाही, त्यामुळे डेटा त्या पॅकेजच्या फोल्डरात किंवा त्याखालीच हवा. पूर्ण फोल्डर एम्बेड केलं तर टिंबानं किंवा अंडरस्कोरनं सुरू होणाऱ्या फायली वगळल्या जातात. त्याही हव्या असतील तर ‘ऑल:’ हा उपसर्ग लावा. आणि फक्त विंडोजवर ‘फाइल नाही’ येत असेल तर फाइलपाथ.जॉइन शोधा. एम्बेड केलेल्या फायलींचे पाथ कोणत्याही सिस्टिमवर पुढे झुकलेल्या रेघेनंच लिहावे लागतात, आणि फाइलपाथ.जॉइन विंडोजवर उलटी रेघ घालतं. त्याजागी पाथ.जॉइन वापरा.

जावात एकच वाक्य शोधा: गेटरिसोर्सनं मिळालेल्या यूआरएलवरून फाइल ऑब्जेक्ट बनवणं. आयडीईमध्ये रिसोर्स खरोखर डिस्कवर असतो म्हणून ते चालतं. जारमध्ये (जावाचा पॅक केलेला प्रोग्राम, आतून झिप) गेल्यावर तो झिपमधली एक नोंद होतो, त्याचा फाइल म्हणून पाथच नसतो. गेटरिसोर्सॲजस्ट्रीम घ्या आणि स्ट्रीमच वाचा. क्लासवरून मागताना सुरुवातीची तिरपी रेघ म्हणजे मुळापासून, नसेल तर त्या पॅकेजपासून. क्लासलोडरवरून मागताना सुरुवातीला रेघ द्यायचीच नाही. विंडोजवर फोल्डरमधून वाचताना लहान-मोठी लिपी (कॅपिटल-स्मॉल) चालून जाते, जारमध्ये नाही, तेव्हा ‘लोगो’चं पहिलं अक्षर कोडमध्ये आणि फाइलमध्ये एकाच लिपीत आहे का बघा. मेव्हन या जावाच्या बिल्ड साधनाचं फिल्टरिंग (रिसोर्समधल्या खुणांच्या जागी मूल्यं भरणं) चालू असेल तर फॉन्टसारख्या बायनरी फायली मजकूर समजून बिघडवल्या जातात. त्यांची एक्स्टेन्शन वगळायच्या यादीत टाका.

डॉटनेटमध्ये एम्बेड केलेल्या रिसोर्सचं नाव पाथ नसतं: मूळ नेमस्पेस, मग फोल्डरची नावं, मग फाइल, सगळं टिंबांनी जोडलेलं. नाव चुकलं तर एरर न येता नल मिळतो आणि प्रोग्राम पुढे भलत्याच ओळीवर पडतो. अंदाज न करता गेटमॅनिफेस्टरिसोर्सनेम्स छापा आणि त्यातलं नाव जसंच्या तसं उचला. सिंगल-फाइल पब्लिश केलं असेल तर असेंब्ली.लोकेशन रिकामी स्ट्रिंग देतं; तिथं ॲपकॉन्टेक्स्ट.बेसडिरेक्टरी वापरा.

सीमध्ये एक्सएक्सडी या साधनाला ‘-आय’ देऊन फाइलची ॲरे बनवणं ही सगळ्यात सरळ पद्धत, पण मोठ्या फाइलला कंपायलर घामाघूम होतो. ऑब्जकॉपी या साधनानं थेट ऑब्जेक्ट फाइल बनवलीत तर सिंबलचं नाव तुम्ही दिलेल्या पाथवरून तयार होतं, तिरप्या रेघांच्या जागी अंडरस्कोर येऊन. त्यामुळे तीच कमांड वेगळ्या फोल्डरातून चालवली की नाव बदलतं आणि लिंकर ‘अनडिफाइन्ड’ म्हणतो. बिल्ड स्क्रिप्टमध्ये आधी त्या फोल्डरात शिरून मगच कमांड द्या. लांबी एंड सिंबलमधून स्टार्ट सिंबल वजा करून काढा, आणि शेवटी शून्य बाइट असेल असं गृहीत धरून ती स्ट्रिंग म्हणून वापरू नका, तो नसतो. सी23 मध्ये या कामासाठी ‘#एम्बेड’ आला आहे. जीसीसी 15 आणि क्लँग 19 पासून तो मिळतो, आणि तो वापरता येत असेल तर वरची कसरत करायचं कारण नाही.

बिल्डनंतर एक्झीला हात लावला का?

वरचं सगळं तपासून झालं, यादीत फाइल दिसते, तरी एक्झी सुरूच होत नाही किंवा स्वतःचंच आर्काइव्ह सापडत नाही म्हणते, तर बिल्डनंतर तिच्यावर काय-काय चालवलं ते विचारा. बरीच साधनं डेटा एक्झीच्या शेपटीला जोडतात. त्यावर नंतर स्ट्रिप (जादा माहिती काढणारं साधन) किंवा यूपीएक्स (एक्झी दाबून लहान करणारं) चालवलं की ती शेपटी उडू शकते. विंडोजवर डिजिटल सही केल्यानंतर डेटा जोडला तर सही बाद होते. आधी जोडणं, मग सही, आणि सहीनंतर एका बाइटलाही हात नाही.

आणि बंडलमध्ये घातलं म्हणजे लपलं असं समजून कुणी पासवर्ड किंवा एपीआयची किल्ली आत ठेवली असेल तर ती आजच काढा आणि ती किल्ली रद्द करून नवी घ्या. ज्या आर्काइव्ह व्ह्यूअरनं तुम्ही आतली यादी बघितलीत, तोच ती फाइल बाहेरही काढून देतो.